भाकरीच्या मुलखातून सोलकढीच्या गावी

नांदेडला गोदावरी आहे, लातूरकडे मांजरा आहे; पण समुद्र म्हटला की आपल्याकडल्या माणसाच्या डोळ्यांपुढे शाळेच्या नकाशातला निळा पट्टाच उभा राहतो. नवस फेडायला तुळजापूर, माहूर, फार तर तिरुपती. मुलांच्या हट्टाखातर एकदा मुंबई. चौपाटीवर भेळ खाल्ली, पावले भिजवली, की समुद्र पाहून झाला! यंदाच्या दिवाळीच्या सुटीत ज्यांना खरोखरीचा समुद्र पाहावयाचा आहे, चाखावयाचा आहे आणि धीर झाल्यास त्याच्या पोटात डोकावून यावयाचे आहे, त्यांनी सिंधुदुर्ग जिल्ह्यातले मालवण गाठावे. खाणे, पिणे आणि थोडे साहस अशा तिन्ही गोष्टी तेथे सात-आठ किलोमीटरांच्या टापूत मिळतात. कोकणात गावे पुष्कळ आहेत. पण तिन्ही बाबतींत पोट भरेल असे आमच्या मते हेच.

रस्ता लांबचा आहे. लातूरहून सोलापूर, कोल्हापूर आणि मग घाट उतरून मालवण, असे पाचशे किलोमीटरांच्या आसपास पडते. नांदेडकरांना शे-सव्वाशे आणखी. आगगाडीने जाणाऱ्यांनी मुंबईस जाऊन कोकण रेल्वे धरावी व कुडाळला उतरावे. मालवणला रेल्वे नाही, हे तिकीट काढण्यापूर्वीच ध्यानात ठेवलेले बरे. मोटारीने जाणार असाल तर घाट दिवसाउजेडी उतरा. ज्वारी-सोयाबीनची सपाट राने पाहत वाढलेल्या मुलांना तो हिरवा उतार म्हणजे अर्धी सहल आहे. ती झोपेत घालवू नये.

मालवणात उतरलात की पहिला प्रश्न कानी येतो, “खंयसून इलात?” लातूरहून आलो म्हणताच समोरचा माणूस हमखास पाण्याचा विषय काढतो. २०१६ सालच्या एप्रिलात मिरजेहून पाणी भरून लातूरला आगगाडी आली, तेव्हा आपल्या गावाचे नाव देशभर झाले. पहिल्या खेपेस दहा वाघिणी होत्या आणि एकेका वाघिणीत पन्नास हजार लिटर पाणी. असल्या कारणाने प्रसिद्धी नको होती. पण झाली खरी. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली गृहिणी जेव्हा क्षितिजापर्यंत नुसते पाणीच पाणी पाहते, तेव्हा तिच्या तोंडून पहिला उद्गार निघतो, “एवढे पाणी, आणि पिता येत नाही!”

असो. आधी जेवण.

मालवणी जेवणासाठी मोठ्या पाट्यांच्या मागे धावू नये. बंदर आणि बाजारपेठ यांच्या अंगाने लहानसहान खाणावळी आहेत. तारकर्ली-देवबागकडे तर घरोघरी न्याहारी-निवासाची सोय आहे. अशा घरी उतरलात तर सकाळीच काकूंना दुपारचे सांगून ठेवावे. आयत्या वेळी सांगितले तर शिल्लक असेल ते मिळते. सकाळी सांगितले तर बाजारात आलेले ताजे मिळते. मासळीत नवखे असाल तर सुरमईच्या तुकडीपासून आरंभ करा. मधला काटा बाजूला सारला की काम भागते. बांगडा स्वस्त आणि चवीला सुरमईहून काकणभर सरस, असे जाणकार म्हणतात आणि आम्हांलाही ते पटते. पण त्याला थोडा सराव हवा. कर्लीच्या वाटेला मात्र पहिल्या दिवशी जाऊ नये. चव अप्रतिम, पण काटे इतके की आपल्याकडल्या माणसाचे जेवण संध्याकाळपर्यंत चालेल. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे असतात. त्यांचा वास घ्यायचा आणि ती ताटाच्या कडेला ठेवायची. चावली, तर जीभ काही वेळ परकी होते.

तिखटाची धास्ती लातूरकराला नको. ठेच्यावर वाढलेली जीभ मालवणी मसाल्याला भीत नाही. शिवाय खोबऱ्याचे वाटण त्या तिखटाला मऊ करते. अडचण येते ती भाकरीची. तेथली भाकरी तांदळाची, पांढरी आणि मऊ. ज्वारीच्या भाकरीचा खरपूसपणा शोधू लागलात तर निराशा होईल. नव्या चवीने खाल्लीत तर दोन जास्त जातील. कोंबडी-वडे मागवाल तेव्हा मुले बटाटेवडा येणार म्हणून वाट पाहतील. पानात येतो तो तांदूळ, उडीद, धने, मेथी दळून केलेला, पुरीसारखा फुगलेला वडा, आणि शेजारी कोंबडीचा रस्सा. पहिला घास जाताच तक्रार मिटते.

आपल्याकडे माळकरी आणि लिंगायत घरे पुष्कळ. त्यांनी मालवणचे नाव ऐकून माघार घेण्याचे कारण नाही. काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी, घावणे आणि नारळाचा गोड रस, गुळाच्या रसातले शिरवाळे ही काही तडजोडीची पक्वान्ने नव्हेत. ती तेथल्या घरांतली सणासुदीची आहेत. सोमवारी तर कित्येक मालवणी घरांतच मासळी शिजत नाही. तवा वेगळा ठेवा म्हणून आधी सांगावे. त्यात संकोच कसला?

आता पिण्याचे. सोलकढी म्हणजे आमसुलाचा आगळ, नारळाचे दूध, लसूण आणि हिरवी मिरची. गुलाबी रंगामुळे मुलांना ते सरबत वाटते आणि घोट घेतल्यावर त्यांचे चेहरे पाहण्याजोगे होतात. वडीलधाऱ्यांना मात्र ती लगेच ओळखीची वाटेल. कारण येळवशीला शेतात कोपीपुढे बसून भज्जीबरोबर जी आंबिल आपण पितो, तिचेच हे कोकणी भावंड. ती ज्वारीची आणि ताकाची, ही आमसुलाची आणि नारळाची. पण जड जेवण उतरवण्याचे काम दोघी सारखेच करतात. शिवाय शहाळी आहेत, कोकम सरबत आहे. गोव्याची हद्द जवळ असल्यामुळे काही यजमानांची नजर काजूच्या फेणीकडे वळते, हे गृहिणींना आम्ही सांगायला नको! परवान्याविना बाटली हद्दीपार आणणे गुन्हा आहे, आणि पोटात असली तर समुद्रात उतरणे हा त्याहून मोठा गुन्हा आहे. अधिक लिहीत नाही.

किल्ल्याला एक अख्खी सकाळ द्यावी. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाच्या कामास हात घातला; बांधकाम तीन वर्षे चालले. पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतले आहे. तट नागमोडी आहे आणि दरवाजा असा दडवला आहे की होडी अगदी जवळ जाईतो दिसत नाही. मुलांना पैज लावावी, कोण आधी शोधतो! आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे. ते राजाराम महाराजांनी बांधले. २०२५ सालच्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत हाही आहे.

पण लातूर-नांदेडच्या माणसाने थांबावे ते विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव! चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. यात चमत्कार नाही, हिशेब आहे. तेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तो बेटाच्या पोटात मुरतो. गोडे पाणी खाऱ्याहून हलके, म्हणून ते वर राहते. बेताने उपसले तर वर्षभर पुरते. हावरटपणे उपसले तर खालचे खारे वर येईल. लातूरकडे पाऊस सातशे-आठशे मिलिमीटरांचा. तुलना करण्याजोगे आकडे नव्हेत. तरीही त्या काठावर वाकून पाहणारा आपला माणूस मनातल्या मनात विंधनविहिरी मोजू लागतो, आणि वाटाड्या पुढे निघून गेलेला असतो.

साहसाची जागा किल्ल्याच्या आसपासच आहे. येथल्या पाण्यात प्रवाळ आहे, रंगीत मासे आहेत. १९८७ साली हा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगून खाली पाहणे याला स्नॉर्कलिंग म्हणतात. पाठीवर हवेची टाकी घेऊन खाली उतरणे हे स्कूबा डायव्हिंग. पर्यटकांच्या छोट्या बुडीस पोहता आलेच पाहिजे असे नाही. प्रशिक्षक धरूनच असतो. पण दोन गोष्टी आधी शिकून घ्याव्यात. एक म्हणजे फक्त तोंडाने श्वास घेणे आणि तो कधीही कोंडून न ठेवणे. दुसरी म्हणजे कान: खाली जाताना पाण्याचा दाब वाढतो, तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची. सर्दी, दमा, हृदयविकार असलेल्यांनी वरूनच टाळ्या वाजवाव्यात. आणि कोंबडी-वडे बुडीच्या आधी नव्हेत, नंतर!

आता जे सांगायचे ते जरा गंभीरपणे. समुद्राचे बळी बहुधा घाटावरचे असतात. २०१७ सालच्या एप्रिलात मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावचे आठ जण बुडाले. कॉलेजची सहल होती. २०२२ सालच्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची नौका उलटून दोघे दगावले. गोदावरीच्या डोहात पोहलेला गडी म्हणतो, मला पोहता येते. येत असेल, पण नदी एकाच दिशेने ओढते आणि ती दिशा डोळ्यांना दिसते. समुद्राचे पाणी लाटेने येते वरून आणि परत जाते एखाद्या अरुंद वाटेने, खालून-आतून. ज्या पट्ट्यात लाट फुटत नाही, पाणी शांत दिसते, नवखा नेमका तेथेच उतरतो. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहावे, ओढ संपली की मग वळावे.

भरती-ओहोटीचा हिशेब आपल्या पंचांगात आहे, आणि तो शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावा लागू नये. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. भाऊबीज म्हणजे द्वितीया, तर दीडच्या सुमारास. पंचमीला पावणेचार. तेथून सहा तासांहून थोडी जास्त ओहोटी. म्हणजे भाऊबीज आटोपून पंचमीला तुम्ही तारकर्लीला पोचलात आणि सूर्यास्ताच्या शोभेत कंबरभर पाण्यात उतरलात, तर पाणी नेमके आत ओढत असते! अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, तेव्हा तर हे दुपटीने पाळावे. किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारावे. तो “नको” म्हणाला, तर आपण दिलेल्या पैशांचा हिशेब काढून वाद घालू नये. नौकेत बसताना अंगावर जीवरक्षक जाकीट बांधून घ्यावे, ते मांडीवर ठेवू नये. पावसाळ्यात, मेअखेरपासून ऑगस्ट सरेपर्यंत, हे खेळ बंद असतात. म्हणून दिवाळीनंतरचा काळ उत्तम.

ज्यांना पाण्यात शिरणेच नको, त्यांच्यासाठी देवबाग आहे. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. टोकाला दोघांची गाठ पडते. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढत असतील तर मुलांना दोराला हात लावू द्यावा. वीस-पंचवीस माणसे दोन्ही टोकांनी जाळे ओढतात, आणि शेवटी वाळूवर चांदीसारखे काही तडफडू लागते. कधी भरघोस, कधी टोपलीभरच. टोपलीभर निघाली तरी ती माणसे दोर गुंडाळून दुसऱ्या दिवसाच्या गोष्टी बोलतात. आपल्याकडे पेरणी उलटल्यावर बांधावर बसलेल्या माणसांची आठवण होते.

परतताना बाजारपेठेतून मालवणी खाजे घ्यावे. बेसनाची कांडी, वर आल्याच्या गुळाचा पाक. नांदेडपर्यंत खुशाल टिकते. आगळाची बाटली घ्यावी, मसाला घ्यावा. सुकी मासळी घ्यायची असेल तर तिला तीन पिशव्यांत बांधून डिकीत, अगदी तळाशी ठेवावी. नाही तर सोलापूर येईतो घरात दोन तट पडतात.