थर्मामीटर बदलून ताप उतरत नाही

सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांचा हनिमून संपला की ते कुठे जातात, ते बघून या, असं संपादकांनी सांगितलं होतं. पुण्यात ते भोसरी एमआयडीसीत जातात. लेथचे आणि पावडर कोटिंगचे कारखाने ओलांडून आतल्या गल्लीत एक पत्र्याची शेड आहे. बाहेर पाटी नाही. आत लिफ्टवर चंदेरी रंगाची पॉर्शे बॉक्स्टर टांगलेली आणि तिच्याखाली साठीकडे झुकलेले एक गृहस्थ हेडटॉर्च लावून उभे. गल्लीत सगळे त्यांना काका म्हणतात. आयटीआय करून ते ऑटो इलेक्ट्रिशियन झाले, तेव्हा काम होतं प्रीमियर पद्मिनीचे पॉइंट घासायचं. आज त्यांच्याकडे येणाऱ्या गाड्यांत पॉइंट नसतात, सेन्सर असतात.

ही बॉक्स्टर 2.7 लिटरची, सहा सिलिंडरची. तीन इकडे, तीन तिकडे, आडवे झोपलेले. इंजिन सीटच्या मागे, गाडीच्या पोटात बसवलेलं, त्यामुळे उघडून दाखवावं असं बॉनेटच नाही. पुढे डिकी, मागेही डिकी. मागच्या डिकीत ऑइल आणि कूलंट ओतायची दोन झाकणं, बाकी इंजिन गाडीच्या मालकाला दिसत नाही. बघायचंच तर सीटमागचं कार्पेट सोडवायचं, टप अर्धवट उघडून वरचं कव्हर काढायचं, नाहीतर गाडी उचलून खालून शिरायचं.

गाडीचा तिसरा मालक तक्रार घेऊन आला होता : सिग्नलला उभी राहिली की हंटिंग करते, म्हणजे आरपीएम आपोआप वर-खाली होत राहतो, आणि चेक इंजिनचा दिवा जात नाही. कोड दोन, पी0171 आणि पी0174. आधीच्या एका वर्कशॉपने चारही ऑक्सिजन सेन्सर बदलले, मग हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर बदलला. बिल लाखाच्या पुढे गेलं. दिवा आठवड्यात परत आला. काकांनी जुने सेन्सर हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, ‘‘पोराला ताप आला म्हणून यांनी पाच थर्मामीटर बदलले.’’

या दिव्याचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोमागे साधारण 14.7 किलो हवा लागते. हे प्रमाण धुरातल्या ऑक्सिजनवरून ओळखणारा लॅम्डा सेन्सर बॉशने 1976 मध्ये व्होल्वोच्या गाड्यांवर आणला. कॅलिफोर्नियाच्या धुरक्याने पुढचं काम केलं. 1988 पासून तिथे गाडीने स्वतःचा बिघाड स्वतः नोंदवावा अशी सक्ती आली, 1996 पासून साऱ्या अमेरिकेत एकसारखा सॉकेट आणि एकसारखे कोड आले. आपल्याकडे 2010 च्या एप्रिलपासून या व्यवस्थेची पहिली पायरी आणि 2013 पासून दुसरी लागू झाली. म्हणजे ही यंत्रणा जन्मली ती प्रदूषण पकडायला. मेकॅनिकला भाग शोधून द्यायला ती कधी बनवलीच नव्हती, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

पी0171 चा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की पहिल्या बाजूच्या सिलिंडरांना पेट्रोल कमी किंवा हवा जास्त मिळतेय, आणि कॉम्प्युटरने पेट्रोल वाढवून वाढवून आपली मर्यादा गाठली आहे. पी0174 म्हणजे दुसऱ्या बाजूचं तेच. त्यातही ‘पहिली बाजू’ कुठली, इथे लोक फसतात. याच घराण्याचं इंजिन 911 मध्ये उलट्या तोंडाने बसतं, त्यामुळे तिथली डावी बाजू इथे उजवी होते. चुकीच्या बाजूचा सेन्सर बदललेल्या गाड्या काकांनी पाहिल्या आहेत.

त्यांनी स्कॅनर लावला, पण कोडकडे बघितलंही नाही. आधी उघडली ती फ्रीज फ्रेम : दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती गरम, आरपीएम किती, लोड किती. इंजिन पूर्ण गरम, गाडी उभी, आयडल. मग चालू आकडे. आयडलला कॉम्प्युटर दोन्ही बाजूंना वीस टक्क्यांहून जास्त पेट्रोल वाढवत होता. काकांनी हाताखालच्या पोराला ॲक्सिलरेटर धरायला लावला. 2500 आरपीएमला तोच आकडा चार-पाच टक्क्यांवर उतरला.

‘‘झालं,’’ काका म्हणाले. पोराला झालं नव्हतं, मलाही नाही. मग त्यांनी समजावलं. हवा मोजणारा सेन्सर कमी दाखवत असता किंवा पेट्रोलचा पंप थकला असता, तर जोर वाढल्यावर तूट वाढली असती. इथे उलट झालं. म्हणजे कुठेतरी भोक आहे आणि न मोजलेली हवा आत शिरतेय. आयडलला इंजिन हवा थोडीच घेतं आणि ओढ जबर असते, म्हणून चोरवाटेने येणारी हवा तेव्हा जास्त भरते. आरपीएम वाढला की तीच हवा एकूण हवेत हरवून जाते. शिवाय दोन्ही बाजूंना सारखीच तूट आहे, तेव्हा भोक दोन्ही बाजूंच्या सामाईक वाटेवर.

मग आलं ते या शेडमधलं माझं सगळ्यात आवडतं यंत्र. फळीवर इंग्रजी यू आकारात ठोकलेली पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, त्यात खायचा लाल रंग घातलेलं पाणी. ऑइलच्या झाकणाच्या जागी भोक पाडलेलं जुनं झाकण लावलं आणि नळीचं एक टोक त्यात खुपसलं. चांगल्या इंजिनात दोन बाजूंच्या पाण्यातला फरक वीतभराच्या आत राहतो. इथे इंजिन सुरू होताच पाणी एका बाजूने वर चढत गेलं, आणि इंजिनात शिरायच्या आत काकांनी नळी चिमटीत दाबली.

या इंजिनावर ऑइलची वाफ वेगळी करणारा एक सेपरेटर असतो. त्यातला रबरी पडदा वयाने फाटला की इनटेकची सगळी ओढ थेट क्रँककेसवर येते. हवा फाटक्या पडद्यातून आणि सीलमधून आत खेचली जाते, कधी ऑइलही ओढलं जाऊन सकाळी पांढरा धूर निघतो. त्याच्या घडीच्या नळीला चीर गेली असती तर पाणी उलट जागचं हललंच नसतं. एवढा निवाडा त्या लाल पाण्याने दिला, कुठलाही भाग न बदलता.

सेपरेटर बदलणं मात्र हाल करणारं काम. तो अशा सांदीत बसलाय की क्लिप दिसत नाही, बोटांनी चाचपावी लागते. काकांचा हात कोपरापर्यंत आत गेला आणि बराच वेळ ते कुणाशी बोलले नाहीत. बाहेर आला तेव्हा मनगट सोललेलं होतं. सेपरेटर बसवल्यावर आयडलचा आकडा तीन टक्क्यांवर आला.

हे कसब किती दिवस टिकेल, याची मला काळजी वाटते. पहिली अडचण पैशाची. गिऱ्हाईक भागाचे पैसे देतं, विचाराचे देत नाही. सेन्सर बदलला की बिलावर बॉक्सचा नंबर लिहिता येतो. दोन तास आकडे बघत बसण्याचं बिल कसं लावणार? म्हणून बहुतेक ठिकाणी कोड वाचतात आणि ऑर्डर देतात. त्यात बॉशच्या नावाचे नकली सेन्सर बाजारात भरपूर, आणि नकली सेन्सर नवा असूनही चुकीचा आकडा देतो. एका दोषाचे दोन होतात.

दुसरी अडचण इथल्या हवेची. सॉफ्ट टपच्या बिजागराशी पाणी जायची भोकं असतात. गाडी झाडाखाली लावली की ती पाल्याने बुजतात, आणि पहिल्याच मोठ्या पावसात सीटखालच्या कंट्रोल युनिटपर्यंत पाणी पोचतं. मुंबईच्या गाड्यांत कपलरच्या पिना हिरव्या पडतात. उभ्या गाड्यांत उंदीर वायरी कुरतडतात. क्रँक सेन्सर गरम झाल्यावर मरतो आणि गार झाल्यावर जिवंत होतो, त्यामुळे टोइंगवरून आलेली गाडी गॅरेजात पहिल्या सेल्फला सुरू होते. तेव्हा काका ती तापवतात, बंद पडू देतात आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का ते बघतात. बऱ्याच गाड्यांत काटा मेलेला असेल तर सेन्सरही मेलेला.

तिसरी अडचण माणसांची. अलीकडच्या अनेक गाड्या कंपनीच्या परवानगीशिवाय बाहेरच्या स्कॅनरला आत घेत नाहीत. हाताखालचा पोरगा हुशार आहे, पण त्याला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये महिन्याचा पगार आणि एसी मिळणार आहे. तिथे त्याला भाग बदलायला शिकवतील. लाल पाण्याची नळी तिथे नसेल.

तुम्ही अशी गाडी घ्यायला निघाला असाल तर काकांचे दोन सल्ले लक्षात ठेवा. दिवा बंद आहे म्हणून खूश होऊ नका. स्कॅनरवर ‘रेडिनेस’ बघा. तपासण्या ‘अपूर्ण’ दाखवत असेल तर विक्रेत्याने नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली आहे, असं समजा आणि चार दिवस गाडी चालवून परत दाखवायला सांगा. पॉर्शेसारख्या गाड्यांचा कॉम्प्युटर इंजिन किती तास चाललं तेही लिहून ठेवतो. मीटरवरच्या किलोमीटरला त्या तासांनी भागा. सरासरी वेग बैलगाडीचा निघाला तर मीटर मागे फिरवलेला असण्याची शक्यता मोठी, आणि ती गाडी घेऊ नका.