पैसे देऊन घेतलेला गेम कंपनी परत काढून घेऊ शकते का?

घेऊ शकते. आणि हे आधीच झालंय.

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा 'द क्रू' हा कार रेसिंगचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पुढच्या काही दिवसांत लोकांच्या अकाउंटमधून गेमचं लायसन्सच काढून टाकलं गेलं. ज्यांच्याकडे डिस्क होती, त्यांची डिस्क आता फक्त शोभेची.

तुम्ही म्हणाल, ऑनलाइन गेम आहे, सर्व्हर गेल्यावर बंद पडणारच ना? खरी गोम इथेच आहे. या गेममध्ये एकट्याने खेळायची अख्खी स्टोरी होती. पण तीही नेटशिवाय सुरू व्हायची नाही.

मी सर्व्हरच्या बाजूचंच काम करतो, म्हणून थोडं उलगडून सांगतो. अशा गेमचे नकाशे, गाड्या, आवाज हे जड सामान तुमच्याच मशीनवर असतं. पण सुरू होताना गेम सर्व्हरला विचारतो, हा खेळाडू कोण, याच्याकडे कुठल्या गाड्या आहेत, हा कुठपर्यंत पोचलाय? उत्तर आलं नाही की गाडं तिथेच अडतं. दहाजण एकत्र खेळत असतील तर चीटिंग रोखायला हे लागतंच. एकट्यासाठी मात्र ही माहिती तुमच्या मशीनवरही ठेवता येते. मग ठेवत का नाहीत? माझ्या मते कारण धंद्याचं आहे. पायरसी अवघड होते, पैसे घेऊन विकायच्या गाड्या आणि स्किन कुलपात राहतात, आणि जुना गेम बंद करायची चावी कंपनीकडेच राहते. सर्व्हरला दर महिन्याला खर्च येतो हे मान्य, पण ऑफलाइन मोडला तो येत नाही.

आणि तसा मोड देता येतो बरं का! बोंबाबोंब झाल्यावर याच कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये 'द क्रू २' आणि 'मोटरफेस्ट'साठी ऑफलाइन मोड आणायचं जाहीर केलं.

ती बोंब उठवण्यात रॉस स्कॉट या यूट्यूबरचा मोठा वाटा. त्याने २०२४ मध्ये 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम सुरू केली. मागणी साधी आहे: सर्व्हर कायम चालवू नका, पण बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा. युरोपातल्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. तिकडे कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झालाय. लायसन्स विकत असाल तर तसं स्पष्ट सांगा, नुसतं 'बाय' लिहून भागणार नाही. स्टीमने तर त्याआधीच कार्टमध्ये तशी सूचना टाकली.

आपल्या फोनवर हेच चालतं, फक्त स्किन आणि पासच्या रूपात. ते सगळं कंपनीच्या सर्व्हरवरच्या नोंदीत असतं, तुमच्या फोनमध्ये नाही. पैसे टाकण्याआधी एक करून बघा: एरोप्लेन मोड लावा आणि गेम उघडा. एकट्याने खेळायचा भागही उघडत नसेल, तर त्यात किती रुपये घालायचे ते मग ठरवा. कॉम्प्युटरवर घेणार असाल तर जीओजीवर ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो. तो उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येतो.