मागील पानावरून पुढे

हिशेबाच्या वहीचे पान भरले की तळाशी बेरीज मारावयाची, ती नव्या पानाच्या माथ्यावर उतरवावयाची आणि शेजारी ‘मागील पानावरून पुढे’ असे लिहावयाचे, ही पेढीवरची जुनी रीत. पान बदलते, हिशेब मात्र खंडित होत नाही. संगणकाची जुनी हार्ड डिस्क काढून तिच्यावरील कार्यप्रणाली जशीच्या तशी नव्या एसएसडीवर नेणे, हे याच रीतीचे आजचे रूप होय. काम वरकरणी तांत्रिक वाटले, तरी त्यासाठी लागणारा स्वभाव हिशेबनिसाचाच असतो.

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात या विषयाला विशेष महत्त्व आहे. पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणून ओळखला जाणारा हा छावणीतील भाग आज छत्रपतींच्या नावाने ओळखला जातो. १६३८ नंतर बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर होती, हे स्मरले की मराठी वाचकाला हे नाव परके वाटत नाही. १९२७ मध्ये बांधलेले रसेल मार्केट, कमर्शियल स्ट्रीट आणि तिला लागून असलेली ज्वेलर्स स्ट्रीट हा सारा परिसर छोट्या व्यापाऱ्यांचा. सोन्याचांदीच्या पेढ्या म्हटल्या की सांगली जिल्ह्यातील खानापूर-विटा भागातून निघून दक्षिणेतील सराफ बाजारांत स्थिरावलेले गलाई बांधव आठवतातच. अशा पेढीच्या कोपऱ्यात आठ-दहा वर्षांचा एक संगणक हमखास असतो. गिऱ्हाइकांची खाती, वस्तू व सेवा कराची विवरणे, बँकेचे उतारे असे सारे त्याच्या पोटात असते. सकाळी दुकान उघडून देवापुढे उदबत्ती लावून झाली, तरी संगणक सुरू होण्याच्या बेतात नसतो. मग ‘यंत्र म्हातारे झाले, नवे घ्यावे’ असा सल्ला मिळतो. पण म्हातारे यंत्र झालेले असते, की केवळ त्याची डिस्क?

विलंबाचे मूळ

१९५६ मध्ये आयबीएमने बाजारात आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. तेव्हापासून आजतागायत मूळ रचना तीच आहे : फिरती तबकडी आणि तिच्यावरून सरकणारी सुई. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेरीस सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवा तो मजकूर सुईखाली येण्यासाठी सरासरी ४ मिलिसेकंदांची प्रतीक्षा. त्यात सुई सरकण्याचा वेळ वेगळाच. कार्यप्रणाली सुरू होताना हजारो लहान फायली विखुरलेल्या जागांवरून वाचाव्या लागतात, तेव्हा हे थेंब थेंब साचून मिनिटांचे तळे होते.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या फ्लॅश स्मृतीवर ती आधारलेली आहे. कोणताही मजकूर तिला एका मिलिसेकंदाच्याही अल्पांशात सापडतो. साध्या साटा जोडणीच्या एसएसडीचा वाचनवेग सेकंदाला ५०० मेगाबाइटच्या आसपास असतो. घरगुती हार्ड डिस्कचा बहुधा १०० ते २०० च्या दरम्यान. म्हणूनच प्रोसेसर व मेमरी तीच ठेवून केवळ डिस्क बदलली, तरी संगणकाला नवे तारुण्य लाभते.

एक मर्यादा मात्र ध्यानात घ्यावी. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर आवश्यक असतो. एसएसडी बसविल्याने ती पात्रता येत नाही. ज्या संगणकावरून नेट बँकिंग होते, त्याला सुरक्षा-सुधारणा मिळत राहणार आहेत की नाही, याचा विचार डिस्कवर खर्च करण्यापूर्वीच व्हावयास हवा.

स्थलांतराची शिस्त

‘सी’ ड्राइव्हमधील सर्व फायली नव्या डिस्कवर उतरवल्या की काम झाले, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. संगणक सुरू करणारा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या छोट्या विभागांत असतो. त्यासाठी संपूर्ण डिस्कची प्रतिकृती उतरविणारी क्लोनिंगची प्रणाली लागते. बहुतेक एसएसडी उत्पादक ती आपल्या संकेतस्थळावर देतात. ती तेथूनच घ्यावी. अनोळखी ठिकाणाहून फुकट मिळालेली प्रणाली अनेकदा हेरगिरीचे साधन ठरते.

पहिले पाऊल म्हणजे महत्त्वाच्या फायलींची स्वतंत्र प्रत तिसऱ्याच ठिकाणी, बाहेरच्या डिस्कवर, काढून ठेवणे. जुन्या डिस्कची प्रकृती तपासावी. मरणपंथाला लागलेली डिस्क क्लोनिंगचा ताण सोसेलच असे नाही. बिटलॉकरचे कुलूप लावलेले असल्यास त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून घ्यावी. हिशेबाच्या प्रणालीचा परवाना यंत्राशी निगडित आहे काय, हे विक्रेत्यास आधीच विचारावे. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असली तरी चालते. मात्र प्रत्यक्ष वापरलेली जागा तिच्यात मावली पाहिजे.

यानंतरचा क्षण सर्वांत नाजूक. कोणत्या डिस्कवरून घ्यावयाचे आणि कोणत्या डिस्कवर उतरवावयाचे, हे क्लोनिंगची प्रणाली विचारते. ज्या डिस्कवर उतरवावयाचे, तिच्यावरील सर्व काही पुसले जाते. येथे अदलाबदल झाली, तर कोऱ्या डिस्कची प्रतिकृती भरलेल्या डिस्कवर उमटते आणि वर्षांचा हिशेब मिनिटांत नाहीसा होतो. म्हणून दोन्ही डिस्कची नावे व आकारमान दोनदा वाचून मगच होकार द्यावा.

काम पूर्ण झाल्यावर संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी आणि केवळ नव्या डिस्कवर तो सुरू करून पाहावा. दोन्ही एकदम जोडलेल्या राहिल्यास संगणक गुपचूप जुन्याच डिस्कवरून सुरू होऊ शकतो आणि मालकाचा समज मात्र नव्याचा होतो. त्यानंतर ताळा घ्यावा : शेवटचे बिल, मागील वर्षाचा ताळेबंद, छपाई, नेट बँकिंग. बँकांच्या शाखा केंद्रीय प्रणालीवर गेल्या, तेव्हाही जुनी व नवी शिल्लक पैशापर्यंत जुळविण्याचा दंडक होता. सर्व सुरळीत चालले, तरी जुनी डिस्क महिनाभर तरी तशीच जपून ठेवावी. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, हे व्यापाऱ्यांनी विसरू नये.

जुनी डिस्क आणि गुजरी

कोल्हापुरात ‘गुजरी’ म्हणजे सराफ बाजार. बेंगळुरूत मात्र ‘गुजरी’ म्हणजे भंगार. शिवाजीनगरची ओळख जुन्या वाहनांच्या सुट्या भागांच्या व्यापारासाठीही आहे. टाकाऊतून टिकाऊ शोधणारी ही दृष्टी कौतुकास्पदच. परंतु मोटारीचा दरवाजा आणि संगणकाची डिस्क यांत फरक आहे. दरवाजाला मालकाचे गुपित ठाऊक नसते.

फाइल ‘डिलीट’ केली, तरी प्रत्यक्षात केवळ अनुक्रमणिकेतील नोंद जाते. वहीची पाने शाबूतच राहतात. जलद फॉरमॅटनेही फारसे वेगळे घडत नाही. साठविलेले पासवर्ड, पॅन व आधारच्या प्रती, खात्याचे उतारे हे सारे अल्प खटपटीने पुन्हा वाचता येते. म्हणून हार्ड डिस्क देण्यापूर्वी तिच्यावर संपूर्णपणे नवा मजकूर लिहून ती पुसावी. एसएसडीमध्ये मजकुराच्या जागा आतल्या आत बदलत असल्याने तेवढ्याने भागत नाही. तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञाच वापरावी. बंद पडलेल्या डिस्कच्या तबकड्यांना छिद्रे पाडून ती ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावी. ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

न पुसलेली डिस्क हातची गेलीच, तर नेट बँकिंग व ई-मेलचे पासवर्ड त्याच दिवशी दुसऱ्या सुरक्षित यंत्रावरून बदलावेत. खात्यात अनोळखी व्यवहार आढळल्यास विलंब न लावता बँकेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आणखी एक सावधगिरी. बिघडू लागलेली हार्ड डिस्क पुष्कळदा कुरकुर करून पूर्वसूचना देते. एसएसडी मात्र अनेकदा काही न बोलता एकाएकी थांबते. तेव्हा वेग वाढला म्हणून दुसरी प्रत ठेवण्याची सवय सुटता कामा नये. दर शनिवारी गल्ला मोजून झाल्यावर फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी आणि ती डिस्क संगणकाशेजारी न ठेवता तिजोरीत ठेवावी. सोन्याची जागा जिथे, तिथेच हिशेबाचीही असावी.