खर्जाची शाळा : पळस्पे

ऑपेरात सर्वांत खालच्या पट्टीच्या पुरुषी आवाजाला बास म्हणतात आणि रंगमंचावर त्याला मोठा मान असतो. राजे, धर्मगुरू, म्हातारे बाप, खुद्द सैतान, या भूमिका बहुधा त्याच्या वाट्याला येतात. मोत्सार्टच्या १७९१ सालच्या ‘मॅजिक फ्लूट’मधला सारास्ट्रो सेकंदाला सुमारे ८७ कंपनांच्या स्वरापर्यंत उतरतो. फ्योदर शल्यापिन (१८७३–१९३८) हा या आवाजाचा सम्राट. कझानच्या गरीब घरातला हा मुलगा. तिफ्लिसमध्ये उसातोव नावाच्या गुरूने त्याला एक पैसा न घेता शिकवलं आणि १९०१ साली तो मिलानच्या ला स्कालामध्ये उभा राहिला. त्याने रंगवलेला बोरिस गोदुनोव आजही प्रत्येक बास गायकाला मापदंड वाटतो.

आपल्याकडे असा गायक का घडला नाही? १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून संगीत नाटक सुरू झालं. गाणाऱ्या नटांवर महाराष्ट्राने जीव ओवाळून टाकला. पण भाऊराव कोल्हटकर, केशवराव भोसले, बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांपैकी कोणाचंही नाव ढाल्या आवाजासाठी घेतलं जात नाही. माझ्या मते याची कारणं दोन. स्त्रीभूमिका पुरुषच करत, त्यामुळे कानाला गोडवा हवा होता तो वरच्या पट्टीतला. आणि ध्वनिक्षेपक नव्हता; पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत पद पोचवायचं तर पट्टी चढवणं हाच सरळ मार्ग. ध्वनिक्षेपक ऑपेरातही नव्हता. पण तिथल्या गायकांनी घशाची ठेवण अशी साधली की सुमारे ३००० कंपनांच्या आसपास आवाजाला वेगळी धार येते. योहान सुंडबर्ग या स्वीडिश संशोधकाने हे मोजून दाखवलं. वाद्यवृंदाचा जोर खालच्या कंपनांत, साधारण ५००च्या आसपास, असतो. म्हणून खर्जातला गायकही त्या धारेच्या बळावर वाद्यांना भेदून ऐकू येतो.

ढाल्या आवाजाला मराठी मुलखात घर मिळालं ते नाटकाबाहेर, पनवेलजवळच्या पळस्प्याला. मुंबई–गोवा रस्ता जिथे फुटतो, त्या फाट्याजवळच्या या गावात झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांनी १९८०च्या दशकात ध्रुपदाचं गुरुकुल उभं केलं. ते बीनकार, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारे. उदयपूर दरबारचे कलावंत झियाउद्दीन खाँ हे त्यांचे वडील. वडील गेल्यावर धाकटा भाऊ झिया फरीदुद्दीन (१९३२–२०१३) यांना गाण्याची तालीम त्यांनीच दिली. खालचा नाद मोहिउद्दीन यांना इतका प्रिय की त्यांनी रुद्रवीणाच बदलून घेतली: भोपळे मोठे केले, तारा जाड घेतल्या आणि नखी काढून उघड्या बोटांनी वाजवू लागले. एकेक स्वर छेडून तो विरेपर्यंत ऐकत राहायचं, हे त्यांचं वादन. मणी कौल यांनी १९८२ साली ‘ध्रुपद’ या चित्रपटात दोघा भावांना टिपलं. तो जरूर पाहावा.

इथल्या रियाजाचा पाया खर्ज. उजाडायच्या आत तानपुरा मिळवून बसायचं. मध्य षड्जावर ‘आ’ लावायचा, मग नी, ध, प असं एकेक पायरी खाली यायचं. प्रत्येक स्वरावर श्वास संपेपर्यंत थांबायचं. उतरताना घसा दाबून आवाज जाड करायचा नाही. तशी जाडी नकली असते आणि जाणत्या कानाला लगेच कळते. हनुवटी सैल, पोट मोकळं, छातीवर तळहात ठेवला तर थरथर हाताला लागली पाहिजे. सुरुवातीला खालच्या पंचमाशीच आवाजाची हवा होते. तिथे जोर न लावता रोज बसायचं. काळी एकला षड्ज धरणाऱ्या पुरुषाचा खर्जातला षड्ज सेकंदाला सुमारे ६९ कंपनांचा. म्हणजे सारास्ट्रोच्याही खाली. आपल्याकडे बास नाही असं म्हणणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. ध्रुपदाचा आलाप याच भागात रमतो. री, ना, नोम, तोम एवढ्या अक्षरांवर, तालाशिवाय, राग आधी मंद्रात उभा राहतो आणि वर सरकायला कितीतरी वेळ घेतो. पखवाज येतो तो त्यानंतर.

फरीदुद्दीन भोपाळच्या ध्रुपद केंद्रातही शिकवत. उदय भवाळकर त्यांच्याच हाताखाली तयार झाले; पुढे पुण्यात राहून त्यांनी मराठी श्रोत्यांना हा आवाज ऐकायची सवय लावली. पळस्प्याची बीन आता झिया मोहिउद्दीन यांचे चिरंजीव बहाउद्दीन डागर यांच्या हाती आहे.

हे सगळं नंदुरबारात बसून लिहायचं कारण आहे. गंभीर नाद आम्हाला परका नाही. अक्कलकुवा तालुक्यात काठीच्या होळीला मोठे ढोल वाजू लागले की ते आधी छातीत कळतात. पण शाळेतल्या गाण्याच्या तासाला पेटी काळी चारवर लागते, कारण मुलींना ती सोयीची. आठवी-नववीत ज्याचा आवाज फुटला तो मुलगा त्या पट्टीत ओरडतो किंवा ओठ हलवत उभा राहतो, आणि पुढे आपल्याला गळाच नाही असं आयुष्यभर समजतो. खरं तर त्याचा गळा नुकताच तयार होऊ लागलेला असतो. स्वरतंतू लांब आणि जाड होत असतात, तेवढ्यापुरती त्याला ताणापासून जपणूक हवी.

म्हणून तळोदा, नवापूर, शहादा, धडगाव, कुठल्याही शाळेतल्या गाण्याच्या शिक्षकांना एक विनंती. आवाज फुटलेल्या मुलांना वेगळं बसवा, पेटी सफेद एकपर्यंत, हवं तर त्याखालीही उतरवा, आणि प्रत्येकाचा षड्ज शोधून त्याच्या वहीत लिहून द्या. स्नेहसंमेलनात त्यांच्यासाठी खालच्या पट्टीतलं एक गाणं ठेवा. याला पैसा लागत नाही. वर्षाच्या सुरुवातीचे दोन तास पुरतात.