सायकलीची निवड व खरेदी

गावची शाळा सातवीपर्यंतच असली म्हणजे आठवीत जाणाऱ्या मुलीला तीनचार किलोमीटरांवरील विद्यालय गाठावे लागते. मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीकरिता अनुदान मिळते. इतरत्र पालक पोटाला चिमटा घेऊन ती घेतात. सल्ला मात्र बहुधा गुरुजींना किंवा बाईंनाच विचारला जातो. सायकल दोन महिन्यांत अडगळीत पडली, तर तिच्याबरोबर मुलीची शाळाही सुटण्याचा संभव असतो. म्हणून हा सल्ला विचारपूर्वक दिला गेला पाहिजे.

सायकल कारखान्यातून पूर्ण जुळणी होऊन येत नाही. हँडल, पायडल, सीट, ब्रेक ही दुकानातच बसविली जातात. अर्थात गिऱ्हाईक केवळ वस्तू विकत घेत नसून दुकानातील कारागिराचे कसबही विकत घेत असते. नव्या सायकलीच्या चाकाच्या तारा व ब्रेकच्या केबली आरंभीच्या वापराने सैल पडतात आणि चाकाला आउट येतो. यास्तव शंभर रुपयांसाठी घासाघीस करण्यापेक्षा महिन्याभराने एकवार सर्व कसून देण्याचे व आउट काढून देण्याचे कबूल करून घेणे अधिक लाभाचे होय. हे बोलणे पैसे देण्यापूर्वी व्हावे.

मुलगी वाढत्या अंगाची, म्हणून सायकल मोठीच घ्यावी, असे पालक हटकून म्हणतात. परकराच्या बाबतीत तो शहाणपणा असेल. येथे तो धोक्याचा ठरतो. सीट खाली घेऊन बसले असता दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. मुलगी उंच झाल्यावर सीटचा दांडा वर घेता येतो. मोठी फ्रेम मात्र कधी लहान होत नाही. तेव्हा मुलीला दुकानात बरोबर न्यावे.

गियरची, जाड टायरची सायकल मुलांच्या मनात भरते. परंतु बाजारच्या गावी पंक्चर काढणाऱ्याकडे ज्या मापाचे टायर-ट्यूब हमखास मिळतात, तीच सायकल अखेर वापरात राहते. ही चौकशी आधी त्याच्याकडेच करावी.

सायकल ताब्यात घेताना दोन्ही चाके उचलून फिरवून पाहावीत. रिम डावीउजवीकडे डुलू नये. पुढचे चाक धरून आडवे हलविले असता खटखट वाजू नये.

जुनी सायकल घ्यावयाची तर साखळी वर्गातील फूटपट्टीने मोजावी. साखळीच्या लगतच्या दोन पिनांमध्ये अर्धा इंच अंतर असते. म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच भरावयास हव्यात. त्या एक अष्टमांश इंचाने जास्त भरल्या, तर साखळी झिजली असे समजावे. मग बहुधा दातेही झिजलेले असतात व तो खर्च किमतीतून वजा मागावा.

नव्या सायकलीचे पक्के बिल घ्यावे व त्यावर फ्रेमचा क्रमांक लिहवून घ्यावा. चोरीची तक्रार देताना तोच उपयोगी पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हेही बिल पाहताना ध्यानात असावे.