बँकॉकमधील पिवळा झेंडा

बँकॉकला निघालेल्या जैन व्यापाऱ्याच्या सामानात एक पिशवी कपड्यांच्या बॅगेहून जड असते. खाकरे, थेपले, शेव, कोरड्या चटण्या. चार दिवसांच्या मुक्कामाला आठ दिवसांची शिदोरी. माणिक आणि नीलम यांच्या व्यवहारासाठी सिलोम व महेसाक रस्त्यांवर येणाऱ्यांची ही जुनी रीत आहे. त्या परिसरात भारतीय भोजनालये आहेत, आणि आधी सांगितल्यास कांदा-लसणाविना ताटही मिळते. परिणामी अनेकांचे बँकॉक हॉटेल, पेढी आणि ते भोजनालय एवढ्यातच संपते. मुलाबाळांना घेऊन गेलेली कुटुंबेही बाजारातील हातगाड्यांजवळून नाक मुठीत धरून पुढे जातात. त्यांची भीती अनाठायी नाही, पण ती अपुऱ्या माहितीतून आलेली आहे.

थाई भाषेत अन्नाला ‘आहान’ म्हणतात. तो आपला ‘आहार’च. शाकाहाराला शब्द आहे ‘मंगसविरत’, म्हणजे मांसविरती. इतका ओळखीचा शब्द ऐकून श्रावकाचे मन निर्धास्त होते, आणि तेथेच घात होतो. कारण मंगसविरत पदार्थात अंडे, कांदा आणि लसूण चालतात. लक्षात ठेवावयाचा शब्द दुसराच आहे : ‘जे’. चिनी बौद्ध परंपरेतून आलेल्या या आहारनियमात मांस, मासे, अंडी व दूध तर नाहीतच, शिवाय कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य आहेत. असे पदार्थ चित्त चंचल करतात, अशी त्यामागची धारणा. आपल्या घरातील आजीला हे कारण समजावून सांगावे लागणार नाही. जे अन्नाच्या दुकानावर पिवळा झेंडा किंवा पिवळी पाटी असते व तिच्यावर लाल अक्षर. ‘किन जे’, म्हणजे ‘जे खातो’, एवढे दोन शब्द विक्रेत्याला पुरतात.

तथापि जे म्हणजे जैन नव्हे. मुळा, गाजर, बटाटा, अरवीचा कंद हे सारे त्यात मोकळेपणाने येते. अळिंबी तर जवळजवळ प्रत्येक रश्शात असते. कंदमुळांचा त्याग असणाऱ्याने टोफू, कोबी, पालेभाज्या आणि भात समोर दाखवून, बोटाने निवडून घ्यावे. दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. गव्हाच्या सत्त्वापासून व सोयाबीनपासून बनविलेले बदक किंवा मासा जेच्या दुकानात हमखास मांडलेला असतो. त्यात जीवहिंसा नाही, असे तरुण मंडळी म्हणतात, आणि शब्दशः ते खरेही आहे. परंतु यशोधर राजाची कथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना पिठाच्या कोंबड्याचा बळी आणि त्यापायी भोगावे लागलेले जन्म आठवल्याखेरीज राहणार नाहीत. आकाराने मांस आणि द्रव्याने गहू असलेल्या घासाविषयी प्रत्येक घराने आपला निर्णय करावा. मात्र तो घरून निघण्यापूर्वी करावा, दुकानासमोर उभे राहून नव्हे.

पिवळी पाटी नसलेल्या ठिकाणी सावधगिरी दुप्पट हवी. कच्च्या पपईचे ‘सोम तम’ दिसायला आपली कोशिंबीर. पण त्यात माशांचा रस्सा, म्हणजे ‘नाम प्ला’, आणि बहुधा सुकी कोळंबीही असते. केवळ भाज्यांचे दिसणारे पातळ सूपही हाडांच्या पाण्यात शिजलेले असू शकते. डोळ्यांवर विसंबून खाण्याचे हे शहर नाही.

जे अन्नाचे माहेर म्हणजे यावरात, बँकॉकची चिनी वस्ती. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातील पहिले नऊ दिवस येथे जे-उत्सव असतो. बऱ्याच वर्षी तो आपल्या नवरात्रातच येतो. त्या दिवसांत रस्ताभर पिवळे झेंडे लागतात. एरवी मांसाहार करणारे असंख्य थाई लोकही तेव्हा तो सोडतात. जवळच १८७१ मध्ये स्थापन झालेले वात मंगकोन कमलावात हे चिनी बौद्ध मंदिर आहे. त्याच्याच नावाचे भुयारी रेल्वेस्थानक असल्याने पोहोचणे सोपे. तेथून साम्पेंगच्या अरुंद गल्लीत शिरावे. पिना, बटणे, लेस, खेळणी यांचा घाऊक बाजार पाहताना दुकानदारीत वाढलेल्या माणसाचे पाय आपोआप रेंगाळतात. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पाहुरात, भारतीयांचा कापडबाजार. त्याहून पुढे पाक ख्लोंग तलात हा फुलबाजार, जेथे कमळाच्या कळ्यांच्या जुड्या भाजीसारख्या रचलेल्या असतात.

दर्शनीय स्थळांसाठी सकाळ आणि नदी यांचा मेळ घालावा. साथोर्नच्या धक्क्यावरून नावेने था तियेनला उतरले की समोर वात फो. तेथील निर्वाणशयनातील बुद्धमूर्ती ४६ मीटर लांब आहे, आणि तिच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ शुभचिन्हे कोरलेली आहेत. अष्टमंगलांची सवय असलेली नजर तेथे बराच वेळ अडकते. पलीकडच्या तीरावर वात अरुण, चिनी मातीच्या रंगीत तुकड्यांनी मढविलेले. राजवाड्याच्या वाटेवर एखादा सुटाबुटातील गृहस्थ ‘राजवाडा आज बंद आहे’ असे सांगून टुकटुकमध्ये बसवू लागला, तर समजावे की तो रत्नांच्या दुकानात नेणार. रत्नपारख्यांच्याच घरातली माणसे या जुन्या युक्तीला बळी पडावीत, हे शोभणारे नाही.

रात्रिभोजनत्याग असणाऱ्यांना वेळेचा हिशेब ठेवावा लागतो. डिसेंबरात तेथे सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जुलैत पावणेसातच्या आसपास. आणि प्रसिद्ध रात्रबाजार तर त्यानंतरच रंगात येतात. म्हणून मुख्य जेवण दुपारीच आटोपावे. व्यवहाराच्या संध्याकाळच्या मेजवानीला जाणे टळत नसेल, तर यजमानाला आदल्या दिवशीच कळवावे. थाई माणसाला व्रताचे वावडे नाही, आणि ‘किन जे’ ऐकताच तो बहुधा आदराने हात जोडतो.

फळांबाबत मात्र कसलीच अडचण नाही. चातुचाक बाजारासमोरील ओर तोर कोर मंडईत पोमेलो, रांबुतान, मँगोस्टीन आणि ओले नारळ नीटस मांडलेले असतात. मार्च ते मे या काळात गेल्यास आंब्याच्या फोडी, चिकट भात आणि नारळाचे दूध यांचा ‘खाव निआव मामुआंग’ अवश्य घ्यावा. कापलेल्या फळापेक्षा अख्खे फळ घेऊन स्वतःच्या सुरीने कापणे बरे. ती सुरी चेक-इनच्या बॅगेत, खाकऱ्यांशेजारी ठेवावी.