काढत काढत घडलेली गाडी

पत्त्यांतल्या दुर्रीला इंग्रजीत ‘ड्यूस’ म्हणतात. अमेरिकेतल्या हौशी गाडीवाल्यांनी हे नाव १९३२च्या फोर्डला दिलं, बत्तीसमधल्या दोनावरून. हॉट रॉडच्या, म्हणजे वेगासाठी बदललेल्या जुन्या गाड्यांच्या, डावात मात्र हीच दुर्री हुकमाची ठरली.

त्या वर्षी हेन्री फोर्डने आठ सिलिंडरचं व्ही आकाराचं इंजिन सामान्यांच्या गाडीत बसवलं. ताकद ६५ अश्वशक्ती आणि उघडी रोडस्टर ५०० डॉलरच्या आत! पण खरी गंमत पुढे सुरू झाली. या गाड्या जुन्या होऊन पडेल भावात मिळू लागल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हाती लागल्या. म्युरॉक, एल मिराजसारख्या आटलेल्या तळ्यांच्या सपाटीवर ती पोरं गाड्या पळवायची. १९३७ साली तर क्लबांनी एकत्र येऊन वेग मोजायला संघटनाच काढली.

वेग हवा तर वजन उतरवा. मडगार्ड गेली, बंपर गेले, पायफळ्या गेल्या. एवढं काढल्यावर दुसरी गाडी पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी दिसली असती. ड्यूस दिसली नाही, याचं श्रेय मी चासीला देतो. हिची चासी बाहेरून दिसते आणि तिच्या कडेच्या पत्र्यावर एक नाजूक वळणदार रेघ दाबून उठवलेली आहे. मडगार्ड उतरली की ती रेघ साडीच्या काठासारखी उठून दिसते.

आज ‘पारंपरिक’ रोडस्टर बांधणारे त्या पोरांचीच रीत पाळतात. पुढचा आस तापवून, टोकांशी ओढून असा वाकवायचा की गाडीचं नाक खाली येईल. पुढे बारकी चाकं, मागे मोठी. हा नुसता तोरा नाही. मागचं चाक मोठं असलं की इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर कापते. मूळचे सळ्यांचे ब्रेक काढून १९३९पासूनच्या फोर्डचे तेलाचे ब्रेक बसवायचे. इंजिन मात्र तेच, चपट्या डोक्याचं. त्याची खोड जुनी: जळालेला वायू ब्लॉकच्या पोटातूनच बाहेर पडतो, म्हणून ते लवकर तापतं. बॉनेटला पाडलेल्या झडपांच्या रांगा शोभेच्या वाटतात, पण त्यांतून ही धग बाहेर पडते.

या सगळ्यात मला डोन स्पेन्सर नावाच्या एका हौशी गाडीवाल्याची काळी रोडस्टर सर्वांत आवडते. मधोमध दुभंगलेली, मागे कललेली तिची काच पाहिली की गाडी उभ्या उभ्या पळते आहे असं वाटतं. मेक्सिकोतल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी त्याने ती पुन्हा खोलली आणि उंच केली. दगडधोंड्यांत अडकेल असं काही खाली लोंबू नये, म्हणून पोटाखालचं सगळं वर आवळून घेतलं. त्या शर्यतीत ती कधी धावलीच नाही; अर्धवट अवस्थेत विकली गेली.

आता ओहायोत ड्यूसचे पोलादी सांगाडे नवे कोरे मिळतात. मूळ पत्रा शोधत भंगारात हिंडायची गरज उरलेली नाही. काही जण त्यात वातानुकूलन लपवतात, रंगाला आरसा करतात. मला अशा गाडीजवळ उभं राहायला संकोच वाटतो. बोट लागेल की काय! स्पेन्सरची गाडीही शेवटी चकचकीत झालीच म्हणा. १९९७ साली पेबल बीचच्या हिरवळीवर, धनिकांच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात, हॉट रॉडना पहिल्यांदाच जागा मिळाली आणि त्या गटात ती पहिली आली. मडगार्ड तेव्हाही नव्हतीच.